वेरोन जिंकली तर

रोझ बेल,
मंगळवार, १८ सप्टेंबर १९८४

चि. सौ. कामिनीस,

‘सौ.’ मुद्दाम लिहिलं आहे. तुझ्या बाबांनी ते पाहिलं तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतील, म्हणून जरा ठसठशीतच काढलं आहे. पत्ता कुठून मिळवला ते विचारू नकोस.

पितों गावच्या मुलाशी तुझा साखरपुडा ठरला होता. तो सोडून एका म्हातारीची देखभाल करायच्या नोकरीवर तू इटलीत वेरोनला निघून गेलीस, आणि वर्षभरात तिथेच जाँ-क्लोदशी लग्न केलंस. मुलगा आपल्याच बेटावरच्या बो बासेंचा, क्रिओल ख्रिस्ती, हॉटेलात स्वयंपाकी. लग्नाचा फोटो तुझ्या बाबांनी आला तसा परत पाठवला आणि तू पत्रं बंद केलीस. हे सगळं तुला सांगायची गरज नाही, पण कागदावर ते कसं दिसतं ते मला बघायचं होतं. तीन वर्षं घर उलटंपालटं व्हावं इतकं भयंकर काही दिसत नाही.

आता मुद्द्याचं. यंदा गणपतीत आपल्या घरी जे झालं ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

विसर्जनाआधीचं गाऱ्हाणं दरवर्षी तुझे बलरामकाका घालतात. यंदा त्यांचा घसा बसला आणि ते काम तुझ्या बाबांकडे आलं. बाबांना रविवारच्या मॅचमध्ये शिट्टी वाजवायची सवय, देवापुढे बोलायची नाही. तरी सुरुवात बरी केली. बा गणराया, ऊस चांगला होऊ दे, म्हणाले. सगळ्यांनी “होय महाराजा” म्हटलं. सायक्लोन दुसरीकडे जाऊ दे, “होय महाराजा”. मग घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याला सुखात ठेव म्हणायचं असतं. लंडनची तुझी चुलत बहीण झाली, तिचा नवरा झाला, बलरामकाकांचा मोतीबिंदूसुद्धा झाला. तुझं नाव नाही. तीन वर्षं हेच चाललं आहे. मी मागे बायकांत उभी होते. मला काय झालं कोण जाणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारलं, “आणि कामिनी?”

ढोलकी थांबली. बाबांनी मागे वळूनही बघितलं नाही. त्या दुपारी जेवताना शेजारची कुंती सहज म्हणाली होती, इटलीचा फुटबॉल आता सुरू होणार आणि त्यात वेरोन पण आहे. (तिच्या छपरावर ती उंच अँटेना आहे ना, शेजारच्या रेयूनियन बेटाचा टीव्ही पकडणारी, त्यामुळे जगातलं सगळं तिला आधी कळतं.) बाबा तिला हसले होते. तसल्या गावाची टीम कधी वर येत नसते, आणि यंदा तर इटलीवाले मॅचचे पंचसुद्धा चिठ्ठ्या टाकून नेमणार आहेत, हा खेळ आहे की जत्रेतली सोडत, असं बरंच बोलले होते. तेच डोक्यात घोळत असणार. देवाकडे तोंड करून म्हणाले:

“आणि महाराजा, ती जिथं जाऊन बसली हाय, त्या वेरोनची टीम जर इटलीत पहिली येऊन शांपियों झाली, तरच तिला ह्या घरात आण. नायतर नको.”

आणि कामिनी, सगळं घर एका सुरात म्हणालं, “होय महाराजा!”

सवय गं, दुसरं काय. बलरामकाकांचा घसा बसलेला, तेही नुसते ओठ हलवून म्हणाले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं आपण कशाला होकार दिला ते. कुणी हसलं, कुणी खोकलं, आणि गणपती तसाच उचलून नदीवर नेला.

पण गाऱ्हाणं घातलं आणि लोकांनी हो म्हटलं की ते घातलं. ते मागे घ्यायची रीत आपल्याकडे नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आणि तुझे बाबा कसले पंच आहेत तेही. एकदा शिट्टी वाजली की वाजली.

परवा रविवारी पहिली मॅच झाली. जगातला सगळ्यात महागडा खेळाडू विकत घेतलेल्या नापोलीला तुझ्या वेरोनने तीन-एक हरवलं. मी रेडिओचा आवाज वाढवला. बाबा उठून बागेत गेले.

तुझी,
आई

रोझ बेल,
मंगळवार, २३ ऑक्टोबर १९८४

चि. सौ. कामिनीस,

तुझं कार्ड मिळालं. त्यावरचं दगडी मैदान भव्य आहे आणि मागचा मजकूर अगदीच चिमूटभर. “मला चेंडूच्या भरवशावर घरात यायचं नाही. तू कशी आहेस?” मी चांगली आहे. आणि तू माझीच मुलगी आहेस, हे कार्ड बघून कुणीही सांगेल.

तुझं म्हणणं तुझ्या जागी. माझ्या जागेवरून वेगळं दिसतं. या घरात तुझं नाव काढलं की लोक मूग गिळून बसायचे. आता दर सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकापाशी कुणी ना कुणी विचारतं, “मिस, वेरोनचं काय झालं?” म्हणजे कामिनीचं काय झालं असंच विचारतं. कुंतीने ते गाऱ्हाणं सगळ्या रोझ बेलला सांगितलं आहे. मी तिला अडवलं नाही. उलट एक-दोन घरं तिच्याकडून राहिली होती, तिथे मीच जाऊन आले.

गेल्या आठवड्यात तर कमालच झाली. युव्हेंटस म्हणजे त्यांच्याकडची सगळ्यात मोठी टीम. तिच्याविरुद्ध वेरोनचा एक डॅनिश गडी चेंडू घेऊन पळत सुटला, वाटेत त्याचा बूट निघाला, आणि नुसत्या मोज्यातल्या पायाने त्याने गोल मारला. वेरोन दोन-शून्य जिंकली. तुझे बाबा दोन दिवस त्या बुटावर बोलत होते. त्यांच्या मते तो गोल धरायलाच नको होता. इथे शेतातून थेट मैदानावर आलेल्या किती पोरांना त्यांनी अनवाणी म्हणून बाहेर काढलं असेल, देवाला ठाऊक.

कुंती भिंतीपलीकडून म्हणाली, “देवराजभाऊ, बूट पायात नव्हता, पण पाय त्याचाच होता ना?”

बाबा मग नियमांचं पुस्तक काढून बसले. बराच वेळ शोधलं आणि पुस्तक आपटून मिटलं, त्यावरून मी समजले की गोल धरायचा असतो.

तुझी,
आई

ता. क. तुझ्या खोलीत हल्ली मी झोपते. तिथून रेडिओ स्पष्ट ऐकू येतो, एवढंच कारण.

रोझ बेल,
गुरुवार, ६ डिसेंबर १९८४

चि. सौ. कामिनीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग कुंतीला बोलावून तिच्यासमोर मोठ्याने वाचलं. मार्चमध्ये! मला आनंद झाला आहे. असा झाला आहे की कालच्या वर्गात पोरांनी वाट्टेल तो दंगा केला आणि मी कुणाला काही बोलले नाही. तू लिहितेस की हे बाबांना सांगू नकोस, त्यांनी दया म्हणून बोलावलेलं तुला नको. सांगितलं नाही. पण मी हल्ली लोकर विणते आहे आणि आपल्याकडे लोकर कुणाला लागते ते त्यांना कळत नसेल, असं नाही.

आता तुझा पत्ता कुठून मिळवला ते सांगते. मी बो बासेंला गेले होते. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा, आणि परवा पुन्हा. तुझ्या सासूबाईंकडे. परवा घरी विचारलं तेव्हा बाबांना सरळ सांगितलं, विहीणबाईंकडे जाऊन आले. पहिल्या खेपेला शिक्षकांची सभा आहे म्हणून गेले होते. आता कुठल्याही सभेची गरज नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा काय न्यावं ते कळेना. आपल्या विहिणीला जे नेतात तेच नेलं: साडी, नारळ, हळद-कुंकू. मादाम रोझलिननी दार उघडलं. गळ्यात क्रूस, पायात घरच्या चपला, चेहऱ्यावर संशय. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला बसवलं आणि गुलाबी आयसिंगची नापोलितेन बिस्किटं पुढे ठेवली. मी कुंकवाची डबी उघडली. त्या डबीकडे बघत बसल्या. मी समजावलं, हे मुलीच्या सासूला लावतात, मान असतो. त्यांनी क्षणभर विचार केला आणि कपाळ पुढे केलं. मग म्हणाल्या, “मादाम, मो ओसी मो आंकोलेर.” म्हणजे त्यांनाही राग आहे. त्यांच्या मुलाने चर्चमध्ये लग्न केलं नाही, कचेरीत सही करून मोकळा झाला, म्हणून त्याही त्याच्याशी धड बोलत नव्हत्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटलो. तीन वर्षं मी समजत होते की तुझ्यावर रागावण्याचा मक्ता आपल्याच घराने घेतला आहे.

परवा बाळाची बातमी त्यांना मी सांगितली. जाँ-क्लोदचं पत्र अजून पोचलं नव्हतं. त्या रडल्या, मग उठून त्यांनी त्याच्या लहानपणीचा एक झगा काढून दाखवला. फार सुरेख विणकाम आहे. माझं तसं जमणार नाही.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या बाईला कुंकू लावलंस?” मी म्हटलं, लावलं. “मग आता काय राहिलं?” म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही राहिलात.

वेरोन अजून पहिल्या नंबरावर आहे. अजून कुणी तिला हरवलेलं नाही.

तुझी,
आई

रोझ बेल,
गुरुवार, १७ जानेवारी १९८५

चि. सौ. कामिनीस,

पेपरात तुमच्याकडच्या बर्फाचे फोटो बघितले. रस्त्यात गाड्या गाडल्या गेल्या आहेत म्हणे. तू घराबाहेर पडू नकोस. म्हातारीची औषधं जाँ-क्लोदला आणायला सांग, आणि त्याला सांग की हे त्याच्या सासूचं सांगणं आहे. इथे उलट घामाने जीव जातो आहे आणि सायक्लोनचा पहिला इशारा लागला आहे. खिडक्यांना फळ्या ठोकायचं काम बाबा करताहेत. हातोड्याचा आवाज जरा जास्तच येतो आहे.

रविवारी वेरोन हरली. आवेलिनो नावाच्या गावात, दोन-एक. पहिलीच हार. संध्याकाळी बलरामकाका गुलाबजाम घेऊन आले. मी विचारलं, कसले? तर सहज, म्हणाले. सहज कधी त्या माणसाने शेजाऱ्याला पाणी दिलं नाही. मी ती वाटी झाकण लावून परत त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, मे महिन्यात स्पर्धा संपते, तोपर्यंत जपून ठेवा, तेव्हा वाटायला लागतील.

त्यावर त्यांनी मला बसवून समजावलं. त्यांना आपल्या मराठी मंडळाची काळजी आहे. ते अध्यक्ष, देवराज त्यांचा भाऊ, आणि देवापुढे बोललेला शब्द. उद्या खरंच ते गाव जिंकलं तर क्रिओल जावई पंगतीला बसणार, मग इतरांच्या मुलींना काय सांगायचं? मी म्हटलं, इतरांच्या मुलींना सांगा की गाऱ्हाणं घालायच्या आधी विचार करावा. ते उठून गेले. तुझ्या बाबांनी त्यांना थांबवलं नाही.

तुझे बाबा हल्ली स्वतःचा चहा स्वतः करतात. साखर फार घालतात.

एक हार झाली म्हणून मी घाबरलेली नाही. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे खरं आहे. अकरा अनोळखी माणसं कुठल्याशा गावात चिखलात पडली आणि रोझ बेलमध्ये माझ्या घशाखाली घास उतरेना. तुझं कार्ड तेव्हा आठवलं. जाऊ दे. लोकरीचा एक पायमोजा पुरा झाला आहे.

तुझी,
आई

रोझ बेल,
बुधवार, १३ फेब्रुवारी १९८५

चि. सौ. कामिनीस,

आज एक गंमत सांगायलाच बसले आहे.

रविवारी संध्याकाळी घरातले सेल संपले आणि माझा रेडिओ ऐन वेळेला बंद पडला. मी पदर खोचला आणि कोपऱ्यावरच्या चिनी दुकानाकडे निघाले. तिथे मोठा रेडिओ आहे आणि रविवारी फ्रेंच स्टेशन लावतात. आत शिरले तर तांदळाच्या पोत्यांच्या मागे, रस्त्याकडे पाठ करून, तुझे बाबा उभे. रोज मला सांगून जातात की मैदानावर जाऊन येतो. मैदानावर गेले दोन महिने पाणी साचलं आहे, तेव्हा मीही त्यावर विश्वास ठेवायला नको होता.

मी दाराशीच थांबले, बिस्किटांच्या बरण्यांआड. वेरोन त्या दिवशी उदिनेमध्ये खेळली. निकाल सांगणारा म्हणाला की सुरुवातीलाच वेरोनचे तीन गोल झाले. बाबांनी मान हलवली. मग म्हणाला उदिनेने तिन्ही फेडले. तीन-तीन. बाबांनी टोपी काढली आणि पोत्यावर हात टेकला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण इतकी वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याची पाठ मला वाचता येते. मग म्हणाला, वेरोनने आणखी दोन मारले आणि पाच-तीन जिंकली. बाबांनी दुकानदाराच्या पाठीवर अशी थाप मारली की तो बिचारा कळवळला.

वळले तर समोर मी.

“साबण घ्यायला आलो होतो,” म्हणाले.

आणि खरंच साबण घेतला. पुरे दोन खोके. वर्षभर पुरेल. येताना ते खोके त्यांनी मला उचलू दिले नाहीत.

मला आधी हसू आलं. नंतर रात्री तुझ्या खोलीत पडल्या-पडल्या बराच विचार केला. त्यांना वेरोन जिंकायला हवी आहे, कामिनी. माझ्याइतकीच हवी आहे. कदाचित जास्तच.

तुझी,
आई

रोझ बेल,
गुरुवार, २५ एप्रिल १९८५

चि. सौ. कामिनीस, आणि चि. अनितास अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. नाव छान निवडलंत, तिथे चालेल आणि इथेही. नाक आपल्याकडचं आहे, हट्टी. मादाम रोझलिन म्हणतात त्यांच्याकडचं. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मी फोटो देव्हाऱ्याशेजारी लावला. बाबांनी काढला नाही. आल्या-गेल्यापैकी कुणी कोण म्हणून विचारलं तर ते खोलीतून निघून जातात, म्हणजे उत्तर मलाच द्यावं लागतं आणि ते मी व्यवस्थित देते.

आता जे झालं ते ऐक. वेरोन घरच्या मैदानावर तोरिनोकडून हरली. पुढे अजून आहे, पण मागचे जवळ आले आहेत. आणि त्याच आठवड्यात बलरामकाकांनी मंडळाची बैठक बोलावली. विषय, ते गाऱ्हाणं.

मी बोलावल्याशिवाय गेले. बायका सहसा तिथे स्वयंपाकघराच्या दारात असतात. मी पुढे खुर्चीवर बसले.

काकांनी चांगलाच बेत आखला होता. मूळ गाऱ्हाणं मागे घेता येत नाही, पण त्याला जोड देता येते, असं त्यांनी कुठल्याशा म्हाताऱ्याकडून काढून आणलं होतं. जोड अशी की वेरोन जिंकली तर कामिनी आणि मूल येईल. तो माणूस येणार नाही. शुद्धी करायची, एक दिवस राहायचं, आणि पंगत वेगळी. हे देवापुढे बोलायचं, आणि लोकांनी होय महाराजा म्हणायचं. सगळे तुझ्या बाबांकडे बघायला लागले. बाबा खाली बघत होते. मला वाटलं आता ते बोलतील. शिट्टी न वाजवता उभा असलेला पंच मी पहिल्यांदाच बघितला.

मग मी उभी राहिले. मी म्हटलं, “माझ्या नातीचा बाप म्हणजे ‘तो माणूस’ नव्हे. त्याचं नाव जाँ-क्लोद आहे. तो ज्या घरात येणार नाही त्या घरात मीही राहणार नाही. मला बो बासेंला विहिणीकडे खोली आहे. बसने शाळेला येईन.”

कुणी होय महाराजा म्हटलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून कुंती म्हणाली, “मिस, मी पन येते तुमच्याबरोबर बसनं.” बायका हसल्या आणि बैठक तिथेच मोडली. जोड काही लागली नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, “इतकं बोलायची गरज नव्हती. वेरोन जिंकेल. मग कोण काय करणार हाय? देवाचा शब्द हाय.”

मी विचारलं, आणि नाही जिंकली तर?

“जिंकेल,” म्हणाले, आणि चहा करायला गेले.

त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसलं, आणि असा राग आला की हातातला पेला खाली ठेवावा लागला. आठ महिने मी समजत होते की त्या गाऱ्हाण्याने मी त्यांना कोपऱ्यात धरलं आहे. त्यांनी स्वतःला त्या कोपऱ्यात आरामात बसवलं होतं. मुलीला ये म्हणायचं आहे, पण भावापुढे, मंडळापुढे तोंडाने म्हणायचं नाही. ते चेंडूने म्हणावं. मग सांगायला मोकळे, माझं काही नाही, देवाची मर्जी, इटलीची मर्जी. आणि चेंडू उलटा गेला, तरीही त्यांचं काही नाही. तू ऑक्टोबरमध्ये कार्डावर जे एका ओळीत लिहिलंस ते मला एप्रिलमध्ये कळलं. मास्तरीण असून.

तुझी,
आई

रोझ बेल,
शुक्रवार, १० मे १९८५

चि. सौ. कामिनी,

परवा रविवारी बेर्गामोमध्ये वेरोनची मॅच आहे. नुसती बरोबरी झाली तरी पुरे म्हणतात, वेरोन इटलीची शांपियों. रोझ बेलमध्ये दुसरा विषय नाही. कुंतीच्या अंगणात खुर्च्या मांडायचं ठरलं आहे. शाळेत पोरांनी फळ्यावर निळा-पिवळा झेंडा काढला. मी तो पुसला नाही, त्याच्या बाजूला शुद्धलेखन घातलं.

आणि मी हे पत्र आज लिहिते आहे. तुम्ही तिघं या. गणपतीला या, सप्टेंबरात. जमलं तर आधीच या. तू, अनिता आणि जाँ-क्लोद. प्लेझांसच्या विमानतळावर मी आणि मादाम रोझलिन दोघी येणार आहोत. बारसं राहिलं आहे, ते इथे करू. चर्चचं जे काही राहिलं आहे ते त्या बो बासेंला करतील, आणि मी पुढच्या बाकावर बसेन. शुद्धी-बिद्धी काही नाही. पंगत एकच.

ही चौकशी नाही आणि विनंतीही नाही. आई बोलावते आहे.

आज सकाळी हेच बाबांना सांगितलं. ते परवाच्या मॅचसाठी रेडिओत नवे सेल घालत होते. म्हणाले, “आज कशापायी? दोन दिस थांब. आयतवारी सगळं आपसूक होतंय.”

मी म्हटलं, “म्हणूनच आज. आयतवारी जिंकली तर ती वेरोनमुळे आली असं होईल, आणि हरली तर वेरोनमुळे राहिली असं होईल. मला ती माझ्यामुळे यायला हवी. मॅचच्या आधी.”

“आणि देवापुढं बोललो ते?”

“ते तुम्ही बोललात. मी त्या दिवशी होय महाराजा म्हटलेलं नाही. मी त्याच्या आधी तिचं नाव घेतलं होतं, आणि तेही देवापुढेच.”

हे खरं आहे, कामिनी. आठ महिन्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. आज बोलताना आलं. सगळं घर हो म्हणालं तेव्हा माझे ओठ मिटलेले होते.

बाबांनी सेल उलटे बसले होते ते काढून पुन्हा घातले. मी पुढे म्हटलं, आता तुम्हाला दोनच गोष्टी करता येतील. आज ये म्हणता येईल, नाहीतर नको म्हणता येईल. परवा काहीही म्हटलंत तरी ते तुमचं नसेल. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या खेळात निकाल दिलात आणि स्वतःच्या घरात पंच म्हणून इटलीहून माणसं बोलावताय, तीही चिठ्ठ्या टाकून नेमलेली.

हे जरा जास्त झालं असेल. पण झालं ते झालं, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

ते उठून मागच्या ओट्यावर जाऊन बसले. मी शाळेला गेले. येताना बलरामकाका वाटेत भेटले. ते म्हणाले, आयतवारी बघू. मी म्हटलं, तुम्ही बघा, मला त्या दिवशी पाळणा धुवायचा आहे.

घरी आले तर बाबा अजून तिथेच, ओट्यावर. जेवण झाकलेलं तसंच. मी आत येऊन टेबलाशी बसले आणि हे पत्र लिहायला घेतलं. ते दारात येऊन उभे राहिले. मी वर बघितलं नाही. बराच वेळ उभे होते. त्यांना नको म्हणायचं असतं तर ते केव्हाच म्हणून झालं असतं, नको म्हणायला त्या माणसाला कधी वेळ लागत नाही. मी लिहीत राहिले. विमानतळाचं लिहिलं, बारशाचं लिहिलं. पंगत एकच, हे लिहिताना मुद्दाम मोठ्याने वाचलं.

मग ते म्हणाले, “तो जाँ-क्लोद… भात खातो?”

तीन वर्षांत त्यांच्या तोंडून मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. मला वर बघवलं नाही. कागदाकडे बघतच म्हटलं, “बो बासेंचा माणूस आहे. भात नाही तर काय खाणार?”

“तसं नव्हं. इतकी वरसं तिकडं हाय. सवय मोडली असंल. विचारून घे म्हनलं, म्हंजे त्या मानानं आणाया बरं.”

विचारते आहे. जाँ-क्लोद भात खातो का, आणि कुठला खातो, ते कळव. तुझ्या बाबांना हवं आहे.

पोस्ट बंद व्हायला थोडा वेळ आहे. पाकीट चिकटवते आणि स्वतः जाऊन टाकते. बाबा छत्री शोधताहेत, पाऊस नसताना, म्हणजे बरोबर यायचं आहे. आज शुक्रवार आहे आणि मॅच अजून व्हायची आहे.

तुझी,
आई